शेवग्याचं बी आणि शहराचा नाला

भांडी घासून झाली असतील तर रेडिओ जरा मोठा करा. झाली नसतील तर घासता घासता ऐका, कारण आज बोलायचं आहे ते त्या भांड्यांच्या पाण्याबद्दलच. आपलं पाणी परड्यातल्या केळीपाशी मुरतं. शहरातल्या हजारो घरांचं पाणी कुठं जातं? ते आपल्याकडं येतं.

आपल्या गावाच्या वरच्या अंगाला तालुक्याचं शहर आहे आणि मधून ओढा वाहतो. आता आपण त्याला नालाच म्हणतो. आमच्या थोरल्या आक्का सांगतात, लग्न होऊन आल्या तेव्हा त्या तिथं धुणं धुवायला जायच्या. आज त्या बाजूनं जाताना पदर नाकाला लागतो. तरी उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला की मोटार त्याच पाण्यात बसते. मेथी, पालक, कोथिंबीर त्यावरच होते, आठवडी बाजारात जाते आणि आपल्याही तव्यावर येते. हे बोलायला बरं वाटत नाही, पण खोटं कुणासाठी बोलायचं?

शहरानं आपलं पाणी शुद्ध करून मगच सोडावं, अशी आपल्या गटांची मागणी जुनी आहे. यंदा थंडीत एका बैठकीत आम्ही ती पुन्हा मांडली, तर आम्हाला वेगळंच ऐकवलं गेलं. "ताई, आता मोठ्या प्रकल्पाची गरजच उरली नाही. झाडपाल्याची पावडर निघाली आहे, शंभर टक्के नैसर्गिक. शेवग्याच्या बियांनी सांडपाणी शुद्ध होतं. तुम्ही गटांनी बांधाबांधावर शेवगा लावा, बी आम्ही विकत घेऊ." बोलणारे कोण आणि कुठल्या कचेरीचे, ते राहू द्या. परतताना जीपमध्ये आमच्यात दोन तट पडले. काहीजणी रोपांचा हिशोब करायला लागल्या. काहीजणी म्हणाल्या, ही मागणी गुंडाळायची युक्ती आहे. शेवटी ठरलं की भांडण्यापेक्षा बादलीत करून बघायचं.

पण आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. शेवग्याच्या बियांनी पाणी निवळतं, ही थाप नाही. आपल्याकडं निवळीच्या बिया होत्याच की. निवळीचं झाड, ज्याला हिंदीत निर्मली म्हणतात, त्याचं बी माठाच्या आतल्या अंगाला घासायचं आणि पुराचं गढूळ पाणी त्यात भरायचं. पाणी निवळण्यासाठी हे बी वापरावं, असं सुश्रुत संहितेतही आहे. (जाता जाता सांगतो, निवळी आणि काजरा ही एकाच कुळातली झाडं आहेत आणि काजऱ्याचं बी जहरी असतं. पक्की ओळख नसेल तर रानातून बी गोळा करून आणू नका.) शेवगाही मूळचा आपल्या हिंदुस्थानातला, इथून तो आफ्रिकेत गेला. सुदानमध्ये नाईल नदीला पूर आला की काठावरच्या बाया त्याचं बी कुटून गढूळ पाणी निवळत असत. तिकडच्या बोलीत या झाडाचं नावच 'निवळवणारं झाड' अशा अर्थाचं आहे. सामिया अल अझरिया जान नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी १९७० ते ८० च्या दशकांत या बायकांची रीत नीट तपासली, मापं घेतली आणि ती जगापुढं मांडली. म्हणजे ज्या विद्येवर आज पावडरी विकल्या जातात, ती बायकांनी घागरीपाशी सांभाळलेली विद्या आहे.

हे होतं कसं, ते गुऱ्हाळावर गेलेल्या कुणालाही कळेल. काहिलीत उसाचा रस तापतो, तेव्हा गुळव्या रानभेंडीची रोपं ठेचून त्यांचा चिकट रस आत सोडतो. मग रसातली घाण गोळा होऊन वर येते. ती मळी झाऱ्यानं काढली की खालचा रस पिवळाधमक दिसतो. पाण्यात असंच होतं, फरक एवढाच की घाण वर न येता खाली बसते. गढूळ पाण्यातले कण इतके बारीक असतात की स्वतःच्या वजनानं बुडत नाहीत. शिवाय त्या सगळ्यांवर एकाच जातीचा विजेचा भार असतो, ऋण भार. चुंबकाची सारखी टोकं जशी एकमेकांना ढकलतात, तसे हे कण एकमेकांपासून लांब राहतात. शेवग्याच्या बियांत एक प्रथिन असतं, ते पाण्यात विरघळतं आणि त्याच्यावर उलटा, म्हणजे धन भार असतो. ते मध्ये पडलं की कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके जड होऊन तळाला जातात. तुरटीही हेच काम करते. तुरटी जास्त पडली तर पाणी आंबटाकडं झुकतं, शेवग्यानं तसं होत नाही, आणि खाली बसलेल्या गाळात तुरटीतलं ॲल्युमिनियमही येत नाही. एवढे गुण खरे आहेत.

आता आमच्या बादल्यांकडं येऊ. एका सकाळी हातमोजे आणि गमबूट घालून आम्ही नाल्याचं पाणी आणलं. तीन बादल्यांत दहा-दहा लिटर ओतलं. एक तशीच ठेवली, एकीत तुरटी आणि तिसरीत शेवगा. शेंग झाडावरच वाळून तपकिरी झालेली हवी, भाजीच्या कोवळ्या शेंगेचं बी चालत नाही. बियांचं टरफल आणि पंख काढायचे, आतला पांढरा मगज खलबत्त्यात कुटायचा, तांब्याभर चांगल्या पाण्यात घोळायचा, फडक्यानं गाळायचा आणि ते दुधासारखं पाणी बादलीत ओतायचं. दोन मिनिटं जोरात ढवळायचं, मग दहा-पंधरा मिनिटं अगदी हळू, दुधाला विरजण लावल्यासारखं. इथं घाई केली की पुंजके मोडतात. पहिल्या दिवशी आम्ही मोजून पाच बिया घेतल्या आणि फारसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दहा घेतल्या. तास-दीड तासानं बघतो तर काय, तळाला काळपट साय जमलेली आणि वर पाणी निवळ, फिक्या चहासारखं. एका वहिनींनी टाळीच वाजवली. खोटं कशाला सांगा, आम्हालाही वाटलं की साहेब खरं बोलत होते.

वास मात्र गेला नव्हता.

गावातल्या पाच बायकांना जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायचं शिक्षण मिळालं आहे, तसं ते गावोगाव दिलं जातं. त्यांच्या पेटीत जंतू बघायची छोटी बाटली असते. पाणी भरून ठेवायचं, आणि दिवस-दोन दिवसांत ती काळी पडली तर पाण्यात मैल्यातले जंतू असल्याचा इशारा समजायचा. आम्ही चार बाटल्या भरल्या. नाल्याची बाटली दुसऱ्या दिवशी काळी झाली, त्यात नवल काहीच नव्हतं. तुरटीची काळी झाली. शेवग्याचीही झाली. फक्त शाळेजवळच्या बोअरची तशीच राहिली. आणि तिसऱ्या दिवशी झाकून ठेवलेली बादली उघडली, तर शेवग्याच्या पाण्याला तुरटीच्या पाण्यापेक्षा जास्त घाण वास मारत होता.

असं का झालं? शेवग्यानं पाणी निवळताना जंतूही गाळाबरोबर खाली बसतात. अभ्यासकांना शंभरातले नव्वद, नव्याण्णव, काही वेळा त्याहूनही जास्त जंतू कमी झालेले दिसले आहेत. नव्याण्णव टक्के म्हटलं की आपल्याला सगळं झाल्यासारखं वाटतं. पण शहराच्या कच्च्या सांडपाण्यात अर्ध्या पेल्यात, म्हणजे शंभर मिलीलिटरमध्ये, मैल्यातले एक कोटी जंतू असणं ही साधी गोष्ट आहे. त्यातले नव्याण्णव टक्के गेले तरी एक लाख उरतात. नदीत उघड्यावर अंघोळ करायच्या पाण्यासाठी सरकारी मर्यादा त्याच शंभर मिलीलिटरला २,५०० ची आहे. म्हणजे हे निवळ दिसणारं पाणी अंघोळीच्याही लायकीचं नाही. दुसरी गोष्ट, बियांतलं ते प्रथिन थोडंच असतं. बाकीचं पीठ, तेल आणि इतर पदार्थही पाण्यात उतरतात आणि उरलेल्या जंतूंचं ते खाणं होतं. म्हणून एका दिवसात जंतू पुन्हा वाढतात आणि पाणी नासतं. तिसरी गोष्ट विरघळलेल्या घाणीची. मूत्र, साबण, मैल्याचा विरघळलेला भाग यांचे पुंजके बनत नाहीत. चहातली पत्ती गाळणीत राहते, साखर राहते का? तसंच हे.

निवळ आणि शुद्ध, हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो आणि फसतो. काविळीचे विषाणू पाण्यात डोळ्यांना दिसत नाहीत. इचलकरंजीला २०१२ साली काविळीची केवढी मोठी साथ दूषित पाण्यातून आली, ते या भागात पुष्कळांच्या लक्षात असेल.

मग आम्ही वही काढली. आमच्या हिशोबनीस वहिनी म्हणाल्या, शुद्ध होतं की नाही ते बाजूला ठेवा, नुसतं निवळायचं म्हटलं तरी बी किती लागेल? शहर चाळीस हजार वस्तीचं धरलं. शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी असा नियम आहे आणि त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं असं धरतात. म्हणजे रोज ४३ लाख लिटर. लिटरला अवघा एक दशांश ग्रॅम मगज धरा, आम्हाला तर याच्या दुपटीहून जास्त लागला. तरी रोज ४३० किलो होतात, पन्नास किलोची जवळजवळ नऊ पोती, तीही टरफल काढून. चार बियांचा मगज साधारण एक ग्रॅम भरतो. म्हणजे दिवसाला सतरा लाख बिया, लाखभर शेंगा. आणि त्या शेंगा भाजीला विकायच्या नाहीत, झाडावर वाळवायच्या. आज उद्या नव्हे, वर्षाचे ३६५ दिवस, दिवाळी आणि शिमगा धरून.

वही मिटली तेव्हा रोपांचा हिशोब करणाऱ्या मैत्रिणीही गप्प होत्या. शेवगा लावू नका असं आम्ही म्हणत नाही. शेंगेला बाजार आहे, पाल्याची भाजी पोराबाळांना चांगली, बियांचं तेल निघतं. तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीतही पाणी निवळायचा गुण शिल्लक राहतो, म्हणजे तेलाचा घाणा असेल तर बी दोनदा कामाला येतं. पण "बी आम्ही घेऊ" या तोंडी शब्दावर गटाचं कर्ज काढून बाग लावायची नाही, हे आमच्यात पक्कं ठरलं. भाव, वजन, किती वर्षं, सगळं कागदावर आलं तर बघू.

शहराच्या पाण्यात झाडांच्या पदार्थांना जागाच नाही असंही नाही. ब्राझीलमध्ये बाभळीच्या नात्यातल्या एका झाडाची साल उकळून तिच्यातलं तुरट सत्त्व, म्हणजे टॅनिन, काढतात आणि पिण्याच्या पाण्याच्या व सांडपाण्याच्या केंद्रांत तुरटीऐवजी वापरतात. हिरड्याची चव जिभेवर येते ना, तसलंच सत्त्व. पण नुसतं सालीचं पाणी ओतून ते काम होत नाही. कारखान्यात त्यावर रसायनांची क्रिया करून त्याचा भार उलटा करावा लागतो. तेव्हा पाकिटावर 'नैसर्गिक' लिहिलं असलं तरी आत आणखी काय आहे ते विचारायचं. आणि तिथंही ही पावडर केंद्राच्या आत वापरतात, केंद्राऐवजी नाही. केंद्रात आधी जाळीनं चिंध्या-प्लास्टिक अडवतात, मग गाळ बसवतात, मग मोठ्या टाकीत हवा सोडून चांगले जंतू पोसतात, आणि ते विरघळलेली घाण खाऊन टाकतात. शेवटी क्लोरीन किंवा दुसऱ्या उपायानं रोगाचे जंतू मारतात. बी असो, टॅनिन असो, तुरटी असो, त्यांचं काम गाळ बसवण्याचं. हवेच्या टाकीचं काम त्यांना जमत नाही.

आणि ही केंद्रं कमीच आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या हिशोबात देशातल्या शहरांचं सांडपाणी रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर होतं आणि खरोखर प्रक्रिया होत होती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. शंभर घागरींतल्या अठ्ठावीस. उरलेल्या बहात्तर कुणाच्या ना कुणाच्या ओढ्यात ओतल्या जातात.

मग आमच्या बादल्या वाया गेल्या का? तसं नाही. एक जागा सापडली, आणि ती आपल्या भाजीच्या वाफ्यापाशीच आहे. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळेत, अंगणवाडीत पोरांना जंताची गोळी देतात. ते जंत पोटात कसे जातात? त्यांची अंडी मैल्यातून पाण्यात, पाण्यातून पालेभाजीवर आणि तिथून तोंडात. ही अंडी चिवट असतात, क्लोरीनलाही सहज दाद देत नाहीत. पण पुंजक्यांत अडकली की तळाला बसतात. आफ्रिकेत घाना देशात गलिच्छ पाण्यावर भाजी होते, तिथल्या पाण्यावर संशोधकांनी शेवग्याचं बी वापरून बघितलं. २०१२ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात शंभरातली ९४ ते ९९ अंडी कमी झाली होती. ही काही लहान गोष्ट नाही.

म्हणून ज्यांना उन्हाळ्यात नाल्याच्या पाण्याशिवाय खरोखरच इलाज नाही, त्यांच्यासाठी सांगतो. दोनशे लिटरच्या ड्रमला बुडापासून वीतभर वर तोटी बसवायची. पन्नास ग्रॅम मगजाचं गाळलेलं पाणी घालायचं, पाणी फार गढूळ असेल तर थोडं वाढवायचं. ढवळायचं, दोन तास हलवायचं नाही, मग तोटीतून वरचं निवळ पाणी काढायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. पाणी सरीनं मुळाशी द्यायचं, पानांवर शिंपडायचं नाही. काढणीच्या आधीचे काही दिवस हे पाणी बंद ठेवून विहिरीचं द्यायचं, म्हणजे पानावरचे जंतू उन्हानं मरतात. कोथिंबीर, मुळा, गाजर असं कच्चं खायचं पीक या पाण्यावर घ्यायचंच नाही, त्यापेक्षा वांगी-दोडका परवडला. तळाचा गाळ शेणखतात टाकायचा नाही, सगळी अंडी त्यातच असतात. विहिरीपासून लांब खड्डा घेऊन पुरायचा. आणि हे पाणी प्यायला, स्वयंपाकाला, जनावरांना नाही, कितीही निवळ दिसलं तरी.

हेही काम एका गुंठ्यापुरतंच आहे बरं का. गुंठ्याला उन्हाळ्यात रोज चार-पाचशे लिटर लागतं, म्हणजे दोन-अडीच ड्रम. दहा गुंठ्यांना हे होत नाही, आम्ही करून दमलो.

आपल्या घरच्या पाण्याचं म्हणाल तर तिथं ना बी लागतं ना पावडर. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे घेतले, गटारं बंद केली आणि गाव डासमुक्त म्हणून नावाजलं. आपल्याकडं तेवीस घरांत खड्डे झाले आहेत, बाकीच्यांचं काय चाललंय ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कळेलच!

शहरासाठी मात्र आम्ही लेखी अर्ज दिला आहे. पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे, नगरपरिषदेलाही सांडपाणी सोडायला मंडळाची संमती लागते. अर्जात चारच गोष्टी विचारल्या. प्रक्रिया केंद्र मंजूर आहे का आणि किती लिटरचं? आज त्यातलं किती चालू आहे? नाल्याच्या तोंडाशी बीओडी आणि मैल्यातले कोलिफॉर्म जंतू शेवटचे कधी तपासले, आकडा किती आला? आणि ती झाडपाल्याची पावडर वापरणार असाल तर लिटरला किती, गाळ कुठं टाकणार आणि नंतरचं पाणी कुणी तपासलं? पहिल्यांदा खिडकीवरच्या माणसानं "ताई, हे इथं चालत नाही" म्हणून अर्ज परत केला. दुसऱ्या दिवशी आम्ही नऊजणी गेलो. आक्कांनी पिशवीतून ती काळी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि शेजारी बोअरची ठेवली. काही बोलल्या नाहीत. आवक शिक्का मिळाला.

उत्तर आलं की याच वेळेला वाचून दाखवू. महिन्यात नाही आलं तर माहितीच्या अधिकारात टाकायचं ठरलं आहे, त्याचा नमुना गटाच्या कपाटात ठेवलाय. आणि ड्रमला तोटी कशी बसवायची ते बघायचं असेल, तर बुधवारी सकाळी दहाला देवळामागच्या मळ्यात या. वाळलेल्या शेंगा असतील तर घेऊन या. पायात बूट हवेत, हातमोजे आमच्याकडं आहेत.